आधी जनावर, शेवटी जमीन: ठाणे जिल्ह्यात स्वतःचा गोठा उभा करण्याची वाट

"नोकरी ऐरोलीत आहे, साताऱ्याकडे वडिलोपार्जित दीड एकर आहे. शेळ्या किंवा म्हशी पाळायच्या म्हणतोय. मुरबाडला जागा घेऊन शेड टाकू का?" कळव्यापासून पनवेलपर्यंत चार तरुण गप्पा मारत बसले की अशा अर्थाचा प्रश्न हमखास निघतो. बहुतेकांच्या डोक्यात क्रम पक्का असतो. आधी जागा, मग शेड, मग कर्ज, मग जनावरं, आणि जनावर कळणं सगळ्यात शेवटी. माझं ठाम मत आहे की हा क्रम उलटा करायला हवा. आधी हाताला सवय, मग जनावर, मग भाड्याची जागा, आणि जमीन विकत घेण्याचा विषय अगदी शेवटी.

याचं कारण साधं आहे. ठाणे जिल्ह्यातल्या जमिनीचा भाव तिच्यावर उगवणाऱ्या गवतावर ठरत नाही. तो फार्महाऊस, एनए प्लॉट, गोदामं आणि समृद्धी महामार्गाच्या जवळिकीवर ठरतो. त्या भावाने घेतलेल्या जमिनीचं व्याज कुठलीही शेळी किंवा म्हैस फेडू शकत नाही. कळप मात्र स्वतःहून वाढतो. गाभण शेळी पाच महिन्यांत विते, तिची पाट (मादी करडू) सव्वा वर्षाच्या आसपास पहिल्यांदा विते. ज्याच्याकडे भांडवल नाही पण अंगमेहनत आणि चिकाटी आहे, त्याच्यासाठी कळपासारखी दुसरी ठेव नाही.

मालकीचे दोन तुकडे

हा विचार नवा नाही. न्यूझीलंडमध्ये दुग्धव्यवसायातल्या कामगारांना मालक होण्यासाठी एक जुनी वाट आहे, तिला तिथे शेअरमिल्किंग म्हणतात. त्यासाठी १९३७ सालापासून वेगळा कायदा आहे. सर्वांत प्रचलित करारात जमीन आणि दूध काढायची शेड एकाची, तर गायी आणि राबणं दुसऱ्याचं. दुधाचे पैसे साधारण निम्मे निम्मे. गायी राबणाऱ्याच्या असल्याने कालवडीही त्याच्याच. काही वर्षांनी कळप मोठा झाला की त्यातल्या गायी विकून तो जमिनीसाठीचा पहिला हप्ता उभा करतो. तिथपर्यंत पोचायच्या आधी तो गोठ्यात मदतनीस असतो, मग कळप सांभाळणारा, मग ठेक्याने दूध काढणारा. मेंढ्या आणि मांसाच्या गुरांच्या फार्मवरही चढण अशीच आहे: मेंढपाळ, मग सगळा कळप बघणारा, मग व्यवस्थापक. काही मालक पगाराचा भाग म्हणून कामगाराला त्याच्या स्वतःच्या थोड्या मेंढ्या त्याच रानात चारू देतात. जमिनी महागल्यामुळे तिथेही ही चढण पूर्वीपेक्षा अवघड झाली आहे. पण मूळ विचार टिकून आहे: मालकी म्हणजे कळप आणि जमीन असे दोन वेगळे तुकडे, आणि दोन्ही एकाच दिवशी हातात यायची गरज नाही.

आपल्याकडे हेच अर्धलीने चालतं. शेळी एकाची, सांभाळणारा दुसरा, करडं निम्मी निम्मी. गरीब घरांत, विशेषतः बायकांनी, या पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या वाढवल्या आहेत. शहरात वाढलेल्या मुलाला ही पद्धत जुनाट वाटते, आणि इथेच तो कमावण्याची संधी घालवतो.

हिशोब करून बघू. दहा शेळ्या अर्धलीने घेतल्या. कागदावर दोन वर्षांत प्रत्येकीची तीन वेतं, दर वेताला सरासरी दीड करडू, म्हणजे ४५ करडं. कर्जाच्या प्रकल्प अहवालात हाच आकडा छापलेला असतो. प्रत्यक्षात एखादी शेळी गाभणच राहत नाही, एखादी गाभडते, पावसाळ्यात करडं खोकल्या-हगवणीने जातात. नवशिक्याने दोन वर्षांत जगलेली, वाढलेली २६ करडं धरावीत. तुमच्या वाट्याला तेरा. त्यातल्या सहा-सात पाटी ठेवायच्या, बोकड विकायचे. दोन वर्षांनी एक रुपयाचं कर्ज न घेता सहा-सात तरुण माद्या तुमच्या नावावर उभ्या असतात. आणि दोन पावसाळे पाहिलेला माणूसही तयार झालेला असतो, तो त्या पाटींपेक्षा मोलाचा.

अर्धलीत भांडणं होतात ती न बोललेल्या गोष्टींवरून. त्यामुळे कागदावर पाच ओळी लिहून घ्याव्यात. मूळ शेळी मेली तर नुकसान कोणाचं (रिवाज असा की दैवाने मेली तर मालकाचं, हयगयीने मेली तर सांभाळणाऱ्याचं, पण हयगय कशाला म्हणायचं ते आधी ठरवा). लस-औषधाचा खर्च कोणाचा. करडं किती महिन्यांची झाल्यावर वाटायची. पहिली निवड कोणाची, की आळीपाळीने. आणि एकच करडू झालं तर ते कोणाचं. मालक नात्यातला मामा किंवा चुलता असला तर हे लिहायला संकोच वाटतो. उलट नात्यातच जास्त लिहावं.

ठाण्यात काय जगतं

इथे पावसाळा हाच खरा परीक्षक. चार महिने ओल, चिखल, दमट हवा. देशावर ज्या जनावराने नाव कमावलं ते इथे टिकेलच असं नाही.

मेंढीचं आधी सांगून टाकतो. कोकणातल्या ओलीत मेंढीचे खूर सडतात, जंत पोखरतात. म्हणून दिवाळीनंतर धनगरांचे वाडे माळशेजसारख्या घाटांनी खाली उतरतात, भाताच्या मोकळ्या खाचरांत मेंढ्या बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात आणि पावसाआधी वर जातात. शतकानुशतकांच्या अनुभवाने बसलेलं हे गणित मोडायला जाऊ नका. ज्यांना मेंढीच करायची आहे, त्यांनी घाटावर जागा बघावी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीकडून जुळी देणारं जनुक आणून 'नारी सुवर्णा' तयार केली, तिची माहिती जरूर घ्यावी. धनगर समाजातल्या मुलांसाठी २० मेंढ्या आणि एक नर अशी राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आहे, ७५ टक्के अनुदानाची. पुण्यात गोखलेनगरला पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं मुख्यालय आहे, तिथे प्रशिक्षणाची चौकशी करता येते.

शेळी इथे चालते, पण राहण्याची सोय वेगळी लागते. सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ ही जात जोरदार पावसाला सरावलेली आहे. उस्मानाबादी जुळ्यांसाठी चांगली, पण तिला कोरडं बसायला हवंच. म्हणून ठाणे-रायगडात शेळीसाठी जमिनीपासून उंच, फटी असलेलं मचाण करावं, लेंड्या-मूत्र खाली पडेल असं. एका मोठ्या शेळीला दहा-बारा चौरस फूट धरा. बांबू किंवा बोल्ट लावलेल्या लोखंडी पाइपांचं करा, जोडकाम सुटं होईल असं. त्याचं कारण पुढे जमिनीच्या भागात येईल. मेमध्ये आंत्रविषाराची लस, पंधरा-वीस दिवसांनी तिचा दुसरा डोस, पावसाच्या आधी आणि नंतर जंतनाशक, आणि पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस. एवढं वेळेवर केलं तर निम्मी मर टळते, असं मी पाहत आलो आहे.

गायीबद्दल एक गोष्ट कोणी स्पष्ट सांगत नाही. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून ती बैल आणि वळू यांनाही लागू आहे. त्यावर मत काहीही असो, हिशोबात त्याचा अर्थ असा की भाकड झालेली गाय शेवटपर्यंत तुमच्याच दावणीला. तिला सांभाळण्याचा खर्च दुधाच्या दरात धरलेला नसेल तर धंदा बसतो. त्यात होल्स्टीन संकराच्या गायीला इथला उकाडा सोसत नाही. शहापूरच्या डोंगराळ भागात, इगतपुरी-अकोले पट्ट्यात डांगी गाय पावसात हुंदडते. कातडी तेलकट, खूर टणक. दूध मात्र थोडं. शेती आणि पैदास यासाठी डांगी उत्तम, पण रोजच्या रतिबावर घर चालवायचं असेल तर ठाण्याचं जनावर म्हैसच.

तबेल्यात काय शिकायचं

मुंबईतून बाहेर सरकत सरकत तबेले कल्याण, भिवंडी आणि पलीकडे आले आहेत. तिथली पद्धत अशी: नुकतीच व्यालेली मुऱ्हा, मेहसाणा किंवा जाफराबादी म्हैस बाहेरून आणायची, ती आटेपर्यंत दूध काढायचं, मग काढून टाकायची. या पद्धतीत रेडकू आणि भाकड म्हैस दोघांची परवड होते, कारण रेडकाला पाजलेलं दूध मालकाला विकता येत नाही आणि भाकड म्हैस महागडा चारा फुकट खाते. मला हे बघवत नाही. पण याच ठिकाणी शिकाऊ माणसाला दार उघडं असतं.

वर्षभर कामाला राहा, आणि त्या वर्षात जून ते सप्टेंबर यायलाच हवेत. नोकरी सोडता येत नसेल तर पहाटेची पाळी धरा. तबेल्याचा दिवस रात्री दोन-तीनलाच सुरू होतो. शिकायचं काय? दोन्ही हातांनी पूर्ण कास मोकळी करणं, कारण राहिलेल्या दुधातून कासदाह होतो. माज ओळखणं: म्हशीचा माज बहुधा मुका असतो, ती गायीसारखी हंबरत नाही, रात्री किंवा भल्या पहाटे सोट (चिकट स्राव) दिसला तरच कळतं, आणि एक माज चुकला की २१ दिवसांचा खुराक पाण्यात. खुराकाचं प्रमाण: दुधाच्या खर्चातला साठ-सत्तर टक्के भाग चारा-खुराकाचा असतो, म्हणजे नफा चरवीत नाही, गव्हाणीत ठरतो. भाताचा पेंढा इथे मुबलक, पण त्यात जीव नाही. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात विरघळवून शिंपायचा, थर दाबून प्लास्टिकखाली २१ दिवस बंद ठेवायचा, मग तास-दोन तास हवा लागू देऊन थोडा थोडा सवयीने द्यायचा. प्रमाण चुकलं तर विषबाधा होते, म्हणून पहिल्यांदा जाणत्याच्या हाताखाली करा.

आणि म्हैस विकत घेणं. एवढ्या एका कामात नवखा माणूस वर्षाची कमाई घालवतो. बाजारात विकणारा आदल्या वेळेचं दूध काढत नाही, कास तुंबवून आणतो. ती टच्च दिसते, गिऱ्हाईक भुलतं. म्हणून गोठ्यावर जाऊन सलग तीन वेळा धार आपल्यासमोर काढून घ्यायची, संध्याकाळ-सकाळ-संध्याकाळ, आणि पहिली वेळ हिशोबात धरायचीच नाही. चारही सडांतून पहिल्या धारा काळ्या फडक्यावर घेऊन गुठळ्या दिसतात का पाहायचं. कास रिकामी झाल्यावर ती मऊ, सुरकुतलेली व्हायला हवी, हाताला गाठ लागली तर पुढे बोलू नका. जबडा उघडून दात मोजायचे: दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेली. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची म्हैस पहिल्या खरेदीला बरी, पहिलारू स्वभावाने कशी निघेल सांगता येत नाही. खाली बसवून, उठवून, चालवून बघा. अंग (गर्भाशय) बाहेर येण्याची सवय आहे का ते बसल्यावर कळतं. कानातला बारा आकडी बिल्ला तपासा. त्याच्याशिवाय विम्याचा दावा उभा राहत नाही. हेड्याचा (जनावरांच्या दलालाचा) शब्द ऐका, पण पैसे मोजा ते डोळ्यांनी पाहिलेल्या दुधाचे.

काम चांगलं दिसलं की मालकाला विचारा: पगारातला थोडा भाग म्हणून पारडी (म्हशीचं मादी पिल्लू) देता का? त्याच्या लेखी तिची किंमत थोडी असते. पण नीट पाजलेली, जंत पाडलेली पारडी साडेतीन-चार वर्षांत तुमची व्यालेली म्हैस होते. वाट लांब आहे, हे खरं. जवळचा मार्ग म्हणजे गाभण भाकड म्हशी सांभाळायला घेणं. म्हैस साधारण दहा महिने दहा दिवस गाभण असते, त्यातले शेवटचे महिने ती दूध देत नाही. मुरबाड-शहापूरकडे ज्याच्याजवळ गवत आहे, त्याला ते खाऊ घालणं स्वस्त पडतं. तबेलेवाल्याला ते परवडत नाही. महिन्याचे ठरावीक पैसे, किंवा व्यायल्यावर रेडकू तुमचं, असा सौदा होऊ शकतो. ठाणे-पालघरचं गवत वर्षानुवर्षं वखारींतून बांधून शहराच्या तबेल्यांकडे जात आलं आहे. गवत पाठवण्याऐवजी म्हैसच गवताकडे आणायची, एवढाच यातला बदल.

पैसा आणि गिऱ्हाईक

सरकारी योजना आहेत आणि चांगल्या आहेत. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या आणि ५ बोकडांच्या प्रकल्पाला ५० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, ५०० शेळ्यांना ५० लाखांपर्यंत. राज्याच्या नाविन्यपूर्ण योजनेत दहा शेळ्या-एक बोकड असा गट मिळतो, सर्वसाधारण गटाला ५० आणि अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के अनुदानावर. किसान क्रेडिट कार्ड २०१९ पासून पशुपालकांनाही मिळतं, खुराक-औषधाच्या खेळत्या भांडवलासाठी ते सर्वांत उपयोगी. अभियानाचं अनुदान मात्र दोन हप्त्यांत आणि कर्ज सुरू झाल्यावर येतं, तोवर बँकेचं व्याज आणि स्वतःचा हिस्सा तुमच्या खिशातून. ज्याने वीस शेळ्यांचा कळप दोन पावसाळे सांभाळलेला नाही, त्याने शंभरच्या योजनेला हात लावू नये. अनुदान बघून आकडा ठरवलेले मोठमोठे रिकामे शेड या जिल्ह्यात दिसतात, ते याचमुळे.

गिऱ्हाईकाची चिंता ठाण्याच्या माणसाला कमी. डोंबिवली, घोडबंदर, खारघरमधल्या सोसायट्यांत म्हशीच्या सुट्ट्या दुधाचा रतीब लावायला लोक तयार असतात, विशेषतः उन्हाळ्यात. म्हशी हिवाळ्याकडे जास्त वितात, एप्रिल-मेत दूध कमी पडतं, त्यावेळी ज्याच्याकडे दूध आहे त्याला भाव सांगता येतो. बोकडांचं वेळापत्रक त्याहून बारीक. गटारीला मागणी उसळते, श्रावणात पडते. बकरी ईदला बोकड वर्ष पूर्ण झालेला आणि निर्दोष हवा. २०२७ ची ईद मेच्या मध्यावर येते, म्हणजे बोकड मे २०२६ च्या मध्याआधी जन्मलेला आणि शेळी डिसेंबर २०२५ च्या मध्याआधी भरलेली हवी. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तसं हे गणितही सरकवायचं. विक्री नगावर नको, जिवंत वजनावर करा. काटा स्वतःचा ठेवा.

जागा

महापालिका हद्दीत जनावरं ठेवायला परवाना लागतो, त्यासाठी १९७६ चा कायदा आहे. म्हणून गोठा हद्दीबाहेर: मुरबाड, शहापूर, अंबरनाथ-भिवंडीचा ग्रामीण भाग, किंवा पनवेलच्या पलीकडे.

तिथे भाड्याने जागा मागायला गेलात की शेतकरी कचरतो. तो उगाच कचरत नाही. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं जमिनीची मालक झाली, ही आठवण घराघरांत जिवंत आहे. म्हणून तो दीर्घ मुदतीचं लिहून द्यायला घाबरतो. त्याची भीती समजून घ्या. जमीन कसायला नको, फक्त गोठ्यापुरती जागा आणि गवत कापायचा हक्क, थोड्या महिन्यांच्या मुदतीचा करार, तोही वकिलाकडून लिहून घेतलेला, असं मागितलं तर बोलणी पुढे जातात. आणि उद्या त्याने नको म्हटलं तर तुमचं मचाण बोल्ट काढून टेम्पोत भरता आलं पाहिजे. सिमेंटचं पक्कं शेड दुसऱ्याच्या जमिनीवर कधीही नाही.

विकत घ्यायची वेळ आली तर सातबारा घेऊन बसा. १९४८ च्या त्याच कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. इथे साताऱ्याचा तो दीड एकर कामी येतो, त्यावर तुमचं किंवा वडिलांचं नाव आधी नीट लावून घ्या. शहापूर-मुरबाडमध्ये बरीच जमीन आदिवासींच्या नावे आहे. महसूल कायद्याच्या कलम ३६-अ प्रमाणे ती बिगर-आदिवासीला भाडेपट्ट्यानेसुद्धा जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय देता येत नाही. दुसऱ्याच्या नावावर घेऊ, असं सुचवणाऱ्या दलालाकडून उठून या. ते बेकायदा तर आहेच, वर एका कुटुंबाच्या तोंडचा घास काढणंही आहे. इतर हक्काच्या रकान्यात खासगी वन, भूसंपादन, कूळ असे शेरे आहेत का तेही पाहा.

पण त्याआधी एक दार ठोठावून बघा. नवी मुंबईसाठी १९७० मध्ये सिडको आली, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांची भातखाचरं गेली आणि त्यांच्यासोबत दावणीची जनावरंही. मुरबाड-शहापूरकडे जमीन अजून आहे, पण मुलं कल्याणच्या लोकलने कामाला जातात. गोठा आहे, गवताचं रान आहे, विहीर आहे, म्हशी दोनच उरल्या आहेत आणि काकांचे गुडघे दुखतात, अशी घरं गावोगाव भेटतील. अशा घराला विकत घेणारा नको असतो, विश्वासाने सांभाळणारा हवा असतो. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या यात्रेत गुरांच्या बाजारात अशी माणसं भेटतात. तिथे बोलणं सुरू करावं, मग घरी जावं, काकूंच्या हातचा चहा घ्यावा, गोठा बघावा आणि प्रस्ताव छोटा ठेवावा: तुमच्या दोन म्हशी मी बघतो, माझ्या चार शेळ्या तुमच्या पडवीलगत बांधतो, दूध निम्मं निम्मं, वीजबिल आणि खुराक मी भरतो. जमिनीचा विषय तेव्हा काढू नका. एक पावसाळा त्यांच्यासमोर जाऊ द्या. मग करार लिहायला बसा.